अडकलेलं गाणं कामाला लाव

अगं, आधी डोळे पूस आणि शांतपणे ऐक. कचारगडच्या गुहेच्या जत्रेहून परतल्यापासून लेकरू एकच गाणं धरून बसलंय, तेही अख्खं नाही, मधल्याच दोन ओळी. दात घासताना तेच, ताटावर तेच, रात्री दिवा मालवल्यावरही तेच. सासूबाई म्हणतात, गुहेतून काहीतरी सोबत आलं. जाऊबाई म्हणतात, मोबाइलचा परिणाम. आणि तू मला विचारतेस, "ताई, हे गाणं त्याच्या डोक्यातून काढू कसं?"

माझं ऐकशील तर काढू नको. निदान इतक्यात तरी नको. आधी ते गाणं त्याच्यासाठी काय करतंय ते बघ. विशेष मुलांच्या वर्गात इतकी वर्षं काढल्यावर सांगते, स्वमग्न मुलाच्या तोंडी बसलेलं गाणं बहुतेक वेळा त्याचं काहीतरी काम करत असतं. ते काम ओळखलंस की तुझी निम्मी भीती जाईल, आणि मग त्याच गाण्याला आणखी दोन कामं सांगता येतील.

डोक्यात गाणं अडकणं हा काही आजार नव्हे. तुझ्याही डोक्यात अडकतं. मंडईच्या रात्री दंडारीचं नाचगाणं बघून आलीस की दुसऱ्या दिवशी धान कापताना तीच चाल ओठांवर असते ना? फिनलंडमध्ये बारा हजारांवर लोकांना हे विचारलं, तर दहातले नऊ म्हणाले, आठवड्यातून एकदा तरी होतंच. कुठली गाणी अशी चिकटतात याचाही अभ्यास झालाय. २०१६ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी तीन हजार लोकांची उत्तरं तपासली. चिकटणाऱ्या गाण्यांची लय जरा जलद, चालीची वळणं ओळखीची, आणि मध्येच कुठेतरी एखादी अनपेक्षित उडी, असं त्यांना दिसलं. जत्रेतली गाणी याहून वेगळी असतात का? त्याआधी २००५ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात एक गमतीचा प्रयोग झाला. लोकांना ओळखीची गाणी ऐकवताना मध्ये मध्ये आवाज बंद केला. तरी त्यांच्या मेंदूतला ऐकण्याचा भाग त्या शांततेतही चालूच होता. स्पीकर थांबतो, मेंदू ओळ पुरी करतो. आपल्या सगळ्यांचा.

मग आपल्या लेकराचं वेगळं काय? तर त्या दिवशी तो कुठे होता ते आठव. माघ पौर्णिमा, दरेकसा स्टेशनावर गाड्यांतून उतरणारी माणसं, धनेगावकडे लागलेली रांग, मध्य प्रदेश-छत्तीसगडपासून तेलंगणापर्यंतचे लोक, चहूकडून "जय सेवा". एका मांडवात ढोल, शेजारच्या मांडवात दुसरंच गाणं, त्यात जनरेटरची घरघर, हरवलेल्या पोरांच्या घोषणा. तुझा-माझा मेंदू यातलं नको ते आपोआप मागे सारतो आणि समोरच्याचं बोलणं पुढे आणतो. पुष्कळ स्वमग्न मुलांना हे जमत नाही. सगळे आवाज सारख्याच जोराने येऊन आदळतात. तूच सांगितलंस, त्याने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि गुणगुणायला लागला. अगं, तेच त्याचं शहाणपण. बाहेरचे आवाज त्याच्या हातात नव्हते, घशातला आवाज होता. त्या गोंधळात त्याने एक दोरी पकडली. घरी आल्यावर ती लगेच सोडावी अशी घाई त्याला का असावी?

स्वमग्नता आणि चाली यांचं नातं जुनं आहे. १९४३ साली बाल्टिमोरच्या लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरने अकरा मुलांबद्दल एक लेख लिहिला आणि स्वमग्नतेचं वर्णन पहिल्यांदा नीट मांडलं. त्यातल्या पहिल्याच मुलाबद्दल, डोनाल्डबद्दल, नोंद आहे की वर्षाचा असतानाच तो कितीतरी चाली बिनचूक गुणगुणायचा. पुढे याच डोनाल्ड ट्रिपलेटने मिसिसिपीतल्या आपल्या गावी बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, देशोदेशी हिंडला, आणि २०२३ मध्ये ८९व्या वर्षी वारला. सासूबाईंना ही गोष्ट जरूर सांग. नंतर इंग्लंडमध्ये पामेला हीटन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवलं की संगीत न शिकलेली स्वमग्न मुलंसुद्धा सुटे सूर लक्षात ठेवण्यात इतर मुलांच्या पुढे असतात. प्रत्येक स्वमग्न मूल गवई असतं असं मी म्हणत नाही. पण आपल्या पोराने जत्रेतली चाल नेमक्या त्याच पट्टीत घरी आणली, यात भुताटकी काहीच नाही.

आता कामाचं बोलू. ऐकलेलं वाक्य किंवा ओळ जशीच्या तशी, वेळी-अवेळी पुन्हा म्हणायची सवय स्वमग्न मुलांत खूप दिसते. एके काळी तज्ज्ञसुद्धा याला निरर्थक बडबड म्हणायचे आणि दटावून बंद करायला सांगायचे. बॅरी प्रिझांट आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८४ मध्ये अशा उशिराने येणाऱ्या पुनरुच्चाराचे चौदा वेगवेगळे उपयोग नोंदवले. मागणं, नाही म्हणणं, बोलवणं, स्वतःला समजावणं, असे. तू चौदा पाठ करू नको. तुला तीन पुरेत.

एक, तो स्वतःला शांत करतोय का? हे ओळखायला त्याचं अंग बघ. कुकरची शिट्टी झाली, पाहुणे आले, लाइट गेली, की गाणं सुरू होतं आणि खांदे हळूहळू सैल पडतात. तसं असेल तर ते औषधासारखं आहे, थांबवू नको.

दोन, तो काही सांगतोय का? गाणं म्हणताना तो तुझ्याकडे किंवा दाराकडे बघतो का? चपला उचलून आणतो का? मग "पुन्हा जत्रेला चल" हे वाक्य त्याच्याकडे अजून शब्दांत नसेल, गाण्यात आहे. तू ते शब्दांत म्हण. "कचारगडला जायचं? आज नाही. जत्रा संपली." छोटं, सरळ, रोज त्याच शब्दांत.

तीन, ते गाणं त्यालाच छळतंय का? म्हणताना रडतो, कान बडवतो, डोकं आपटतो, झोप उडालीय, जेवण सुटलंय. असं असेल तर थांबायचं नाही, डॉक्टरकडे जायचं. आणि आधी कान-दात तपासून घ्यायचे. कानात ठणका असला, दाढ किडलेली असली तरी न बोलणारं मूल अशाच गोष्टींतून सांगतं.

चार-पाच दिवस वहीत टिपून ठेव. गाणं कधी सुरू झालं, त्याआधी काय घडलं, नंतर अंग कसं होतं. एवढं तीन रकान्यांत. माझ्या अनुभवात आठवड्याच्या आत चित्र उघडं पडतं. आणि पुढे डॉक्टरकडे गेलीस तर "सारखं गातो" यापेक्षा ही वही दसपट उपयोगी.

समजा, पहिलं किंवा दुसरं उत्तर आलं. मग मी सांगते तसं कर. आपल्याकडे रेल्याचं गाणं कसं चालतं ते तुला माहीत आहे. एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. तेच घरात कर, पण धीराने. त्याच्या समोर बस, जमिनीवर, त्याच्या उंचीला. चेहरा धरून आपल्याकडे वळवायचा नाही. त्याचीच दोन ओळींची चाल त्याच्याच पट्टीत, त्याच्याच संथपणाने म्हण. शेवटचा शब्द मात्र गिळ. तोंड त्या शब्दाच्या आकारात उघडं ठेव आणि थांब. मनात दहा आकडे मोज. ही दहा सेकंदं फार लांब वाटतात, मोह होतो की आपणच म्हणून टाकावं. म्हणू नको. पहिल्या दिवशी काहीच होणार नाही. तो तुझ्या ओठांकडे एकदा बघेल आणि नजर फिरवेल. तेही पुष्कळ झालं. कधीतरी तो शब्द येईल, अर्धा येईल, नुसता हुंकार येईल. आला की टाळ्या-बिळ्या नकोत, "शाब्बास" ओरडायचं नाही, त्याला दचकायला होतं. तू लगेच पुढची ओळ टाक. त्याच्या हुंकाराने गाणं पुढे गेलं, हेच त्याचं बक्षीस. दोन माणसांनी पाळीपाळीने काहीतरी करणं, हा बोलण्याचा पाया आहे. तो पाया तो गाण्यातून घालेल, तर घालू दे.

पुढचा टप्पा असा. चाल तीच, शब्द कामाचे. आंघोळीला त्या चालीत "पाय धू, हात धू", दप्तर भरताना "वही ठेव, डबा ठेव". अंगणवाडीत गाण्यावरच रांग लावतात की नाही? बाईंनाही सांग, त्या करतील. ज्या मुलाला "चल, लवकर कर" ऐकून धडकी भरते, ते मूल ओळखीच्या चालीवर निमूट चपला घालतं, हे मी कितीदा पाहिलंय. चाल संपली की काम संपलं, हेही त्याला कळतं. सुरुवात आणि शेवट ठरलेला असला की या मुलांना हायसं वाटतं.

हे बोलताना मला आजीने सांगितलेली कचारगडची गोष्ट आठवते. तूही ऐकली आहेस, मोतीरावण कंगालींनी गोंडांच्या कोया पुनेम धर्मावर लिहिताना मांडलीही आहे. कली कंकालीची तेहतीस लेकरं त्या गुहेत कोंडलेली, तोंडावर प्रचंड शिळा. जंगो रायताडने त्यांना सांभाळलं. पहांदी पारी कुपार लिंगोने त्यांना सोडवायचं ठरवलं, आणि हिरासुका पाटालीरने किंगरी अशी वाजवली की त्या सुरांनी लेकरांच्या अंगात बळ आलं. सगळ्यांनी मिळून शिळा ढकलली. शिळा घरंगळली आणि हिरासुका तिच्याखाली गेला.

परवा तू फोनवर रडत म्हणालीस, "ताई, माझं पोरगंबी असंच गुहेत कोंडलंय." नको गं असं म्हणू. त्याच्यासमोर तर कधीच नको. तो कोंडलेला नाही. तो तुझ्या घरातच आहे, तुझ्या भाजीचा वास ओळखतो, तुझी पावलं ओळखतो. बोलत नाही म्हणजे ऐकत नाही असं थोडंच आहे? त्या गोष्टीतून घ्यायचंच असेल तर दुसरंच काहीतरी घे. हिरासुकाने शिळा स्वतः ढकलली नाही. लेकरांनीच ढकलली. सुरांनी त्यांना जोर दिला, आणि एका वेळी सगळ्यांनी मिळून लावायला शिकवलं. गाण्याचं काम एवढंच. दात लेकरूच घासणार, चपला तोच घालणार, शब्दही त्याचाच येणार. तू फक्त ठेका धरायचा.

म्हणून कोणी शहरातून येऊन सांगितलं की संगीताने स्वमग्नता बरी करतो, इतके हजार भरा, तर दारातूनच पाठव. २०१७ साली नऊ देशांतल्या ३६४ मुलांवर झालेली एक मोठी चाचणी छापून आली. पाच महिने संगीतोपचार देऊनही स्वमग्नतेच्या लक्षणांच्या तीव्रतेत नेहमीच्या उपचारांपेक्षा विशेष फरक पडला नव्हता. त्यानंतर कॅनडातल्या एका छोट्या अभ्यासात संवाद थोडा सुधारल्याचं दिसलं. म्हणजे गाण्याने काही मुलांशी जवळीक वाढते, घरातले दिवस सोपे जातात. स्वमग्नता हा काही बरा करायचा ताप नाही, तो पोराचा स्वभाव आहे. आपल्याला स्वभाव बदलायचा नाही, जगणं सोपं करायचंय.

आणि भाषेचं एक. तुला कोणीतरी सांगितलंय की पोराशी गोंडी बंद करा, एकच मराठी बोला, नाहीतर गोंधळेल. हा सल्ला मी पण पुष्कळ ऐकलाय. २०१२ साली कॅनडातल्या अभ्यासात दोन भाषांच्या घरातली आणि एका भाषेच्या घरातली स्वमग्न मुलं ताडून पाहिली. दोन भाषांमुळे बोलणं जास्त मागे पडलं असं दिसलं नाही. तेव्हा आजीला आपल्या भाषेतच गाऊ दे. तिने गोंडी सोडली तर ती त्याच्याशी बोलायचंच सोडेल, मग नुकसान कोणाचं?

आता तुझं स्वतःचं. दिवसभर ऐकून ऐकून ते गाणं तुझ्याच डोक्यात बसलंय म्हणालीस. हसू आलं मला. मार्क ट्वेनने १८७६ मध्ये यावरच गोष्ट लिहिलीय. एक जण डोक्यात बसलेली ओळ दुसऱ्याच्या गळ्यात मारतो तेव्हाच सुटतो. तू मला फोन करून ऐकवलीस तशीच! तुझ्यावर उपाय सोपे आहेत. गाणं एकदा शेवटपर्यंत ऐक, अर्धवट ओळ जास्त घोळते म्हणतात. भाजलेले फुटाणे चघळ. इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठाने २०१५ साली च्युइंगगम चघळायला देऊन पाहिलं, तर गाणं कमी वेळा डोक्यात आलं. मनात गाताना जबडा-जीभ सूक्ष्मपणे कामाला लागतात आणि त्या दुसऱ्या कामात गुंतल्या की गाणं पांगतं, असा त्यामागचा तर्क. शब्दकोडं सोडव, पण फार अवघड नको, डोकं भरकटलं की गाणं परत येतं. पोरगा मोठा झाला, "मला हे नकोय, थांबतच नाही" असं स्वतः सांगायला लागला, तर त्यालाही हेच शिकव. त्या वेळी त्यासोबत तीच ती भीती, पुन्हा पुन्हा हात धुणं, असलं काही दिसलं तर मनोविकारतज्ज्ञाला दाखव. त्याला औषध आणि उपचार दोन्ही आहेत.

गावच्या पुजाऱ्याकडे, भुमकाकडे जायचं म्हणतात घरचे? जा. भांडू नको. पण त्याच आठवड्यात सरकारी दवाखान्यातही जा. अंगणवाडीत आणि शाळेत बालआरोग्य तपासणीचं पथक येतं, त्यांना तुझी वही दाखव. ते जिल्ह्याच्या ठिकाणी पुढच्या तपासणीला पाठवतात. कानांची तपासणी मागून घे. स्वमग्नता मोजायला आपल्या देशाची स्वतःची मोजपट्टी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता स्पष्ट लिहिलेली आहे, तेव्हा प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळतं. राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना आहे, तिच्यात वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्यविमा असतो. कागद काढायला कंटाळू नको, पुढे पेन्शन-शाळा सगळीकडे लागतो.

आणि हो, गरोदरपणी तू रात्री गाणी ऐकायचीस म्हणून पोर असं झालं, असं कोणी बोललं तर सरळ उठून जा. एके काळी अमेरिकेतले मोठमोठे डॉक्टरसुद्धा आयांना दोष द्यायचे, आई थंड म्हणून मूल असं, म्हणायचे. ते सगळं केव्हाच खोटं ठरलं. लसीनेही होत नाही, गाण्यानेही नाही.

पुढच्या माघात त्याला परत ने. हो, ने! घरात बसवून ठेवायचा नाही. फक्त असं कर. पौर्णिमेच्या मुख्य दिवशी नको, एक-दोन दिवस आधी ने, सकाळी लवकर, गर्दी व्हायच्या आत. कान झाकणारे हेडफोन आधी महिनाभर घरी घालायची सवय लाव, ऐन जत्रेत नवीन वस्तू डोक्यावर चालणार नाही. गेल्या वर्षीचे फोटो रोज दाखव. ही गाडी, हे दरेकसा, हे धनेगाव, ही चढण, ही गुहा, आणि मग परत घर. मांडवाच्या स्पीकरपासून लांब, झाडाखाली एक जागा आधीच ठरव. हात कानावर गेले की तिथे. आणि चढताना त्याचं गाणं तू सुरू कर, ओळ टाक, शब्द गिळ. वाटेत कोणी विचारलं, "हा सारखं काय म्हणतो वो?" तर लाजायचं नाही, कारणं द्यायची नाहीत. "गाणं म्हणतो, तुम्हीबी उचला," म्हणायचं.